जांभुळटोल्याची सातवी ओळ

जांभुळटोल्याच्या तलावात पाणी किती आहे असं कुणालाही विचारा, तो फुटांत सांगणार नाही आणि मीटरांत तर नाहीच नाही. "तीन ओळी उघडल्या," म्हणेल आणि आपल्या कामाला लागेल. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, आतल्या अंगाने एक काळा दगड उभा बसवलेला आहे, त्यावर जुनी अक्षरं आहेत, ओळीखाली ओळ. पाणी उतरत जातं तशा वरून एकेक ओळी उघड्या पडतात. तीन ओळी दिसेपर्यंत सगळ्यांनी पाणी घ्यायचं. चौथी दिसली की पाळीला लागून असलेल्या वरच्या बांध्यांचं, म्हणजे धानाच्या खाचरांचं, पाणी बंद, पुढचं सगळं शेवटच्या बांध्यांना. सहावी दिसली की तुडूम बुजवायचं, म्हणजे पाणी सोडायची वाटच बंद करायची. उरलं ते ढोरांचं आणि मासोळ्यांचं. हा कायदा कुठल्याही कागदावर नाही. कागदावर असता तर कोणी ना कोणी केव्हाच फिरवला असता.

ओळी पाहायच्या आणि त्याप्रमाणे पाणी वाटायचं, हे काम पाणकराचं. आणि जांभुळटोल्याचा पाणकर म्हणजे शकुंतलाबाई कापगते, वय वर्षं अठ्ठावन्न.

बाईमाणूस पाणकर कशी काय, असं तुम्हाला वाटेल. गावालाही वाटलं होतं. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा लीलाधर पौषात तापाने गेला. तोच पाणकर होता, त्याच्या आधी त्याचा बाप. आता कोण, म्हणून पुरुषमंडळी समाजमंदिरात बसली, पाहू, करू, ठरवू असं तीन दिवस चाललं. इकडे तुडूम उघडंच, पाणी धो धो वाहून चाललेलं, आणि त्या गारठ्यात कमरेइतक्या पाण्यात उतरायला एकही वीर तयार नाही. शकुंतलाबाईने लुगडं खोचलं आणि उतरली. चौथ्या दिवशी सभेत कोणीतरी विचारलं, "मंग पानकर कोन?" तर ही दारातूनच कडाडली, "तीन दिवसापासून कोन करून रायलं? तुमचा बाप?" झालं. त्या दिवसापासून तिला कोणी काही म्हटलं नाही, निदान तोंडावर तरी नाही.

तिला लिहिता-वाचता जेमतेम येतं. दगडावरची अक्षरं तर तिलाच काय, गावात कोणालाच लागत नाहीत. पण तुडूम बुजवताना पायांनी दगडाचा आधार घ्यावा लागतो, आणि तिच्या अंगठ्याला पक्कं ठाऊक आहे की सहाव्या ओळीच्या खाली, गाळात, आणखी एक ओळ आहे. लीलाधरला ठाऊक होतं, त्याच्या बापालाही. सहावीला तुडूम बंद होतं, त्यामुळे ती सातवी कोणाच्या नजरेस कधी पडतच नाही. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

मग माघात दुर्गेश्वरी आली.

ही आमगावकडची पोरगी, पटल्यांची. जुन्या कोरीव लेखांवर पीएच.डी. करते. कोहमाऱ्याच्या चौकात बसमधून उतरून, कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, पाठीला पिशवी लावून नऊ किलोमीटर आत आली. एका विद्यापीठाच्या मध्ययुगीन अभ्यास केंद्राचं काम करत होती. वैनगंगेच्या खोऱ्यातले सातशे-आठशे वर्षांपूर्वीचे सगळे लेख त्यांनी एका यादीत घातले होते. प्रत्येक दगडाचा फोटो, ठसा, वाचन, त्यावर कोणी काय लिहिलं ते, आणि नकाशावर एक टिंब. जगात कोणीही बसल्या जागी उघडून पाहावं अशी ती यादी. पोरीने पाळीवर उकिडवं बसून टॅबवर दगडाचं पान काढलं आणि शकुंतलाबाईच्या हातात दिलं.

"अगं माय! आमचा गोटा याच्यात?" शकुंतलाबाई हरखलीच. "वाच बरं, काय लिवलं आमच्या गोट्याबद्दल."

दुर्गेश्वरीने वाचलं. ओळी सहा. देवाला दिलेल्या दानाचा लेख. वाचन प्राध्यापक इंद्रकुमार बिसेन यांचं, चाळीस वर्षांपूर्वीचं. दगड मूळ जागी नाही. जवळच्या पडक्या देवळातून आणून नंतर पाळीत बसवलेला.

"सहा नाई, सात," शकुंतलाबाई म्हणाली. "आणि आणलेला कोनी सांगतला?"

पोरीला आणखी एक गोष्ट सांगायची होती आणि ती तिच्या तोंडून निघत नव्हती. केंद्राने नवं दालन बांधलं होतं. मूळ जागी असलेला दगड हलवायचा नाही, पण जागा सुटलेले दगड आणून दालनात नीट ठेवायचे, असा त्यांचा नियम. वैशाखात पाणी उतरलं की हा दगड काढून न्यायचा होता. गावाची संमती आलीसुद्धा होती. खाली पाणीवाटप समितीच्या अध्यक्षाची सही, भैयाजींची.

शकुंतलाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भैयाजींची अठरा एकर सगळी वरच्या बांध्यांत. चौथी ओळ उघडली की दरवर्षी त्यांचंच पाणी आधी बंद होतं आणि दरवर्षी ते पाळीवर येऊन बडबडतात. दगडच गेला तर चौथी ओळ कुठली आणि काय!

ती तशीच उठून त्यांच्या ओसरीवर गेली. भैयाजी चहा पीत होते.

"काऊन सही केली गा भैयाजी?"

"देखो शकुंतलाबाई, गावाचं नाव होईल. आणि मापाची काळजी कायले करता? लोखंडी पट्टी लावून देतो, नंबरवाली. एकदम सरकारी."

"पट्टी खिळ्यावर रायते," शकुंतलाबाई म्हणाली. "आणि खिळा कोनाच्या हातात रायते? तुमच्या. आज इथं ठोकान, उद्या बीतभर खाली ठोकान. गोटा कोनाले खाली-वर करता येत नाई, म्हनून तुमाले तो खुपून रायला."

भैयाजींनी कप खाली ठेवला. "जादा बोलू नका. विद्वान लोकांनी लिहिलं आहे, दगड आपला नाहीच, देवळाचा आहे. तुम्ही त्यांच्यापेक्षा शहाण्या?"

"त्या गोट्यापुरती तर हावोच!" असं म्हणून ती निघाली ती थेट शेवटच्या बांध्यांकडे. तिथे अकरा घरांची शेतं. पाणी वरून सुटतं आणि या अकरा घरांपर्यंत पोचता पोचता निम्मं होतं. दगड होता म्हणून उन्हाळी धान पिकत होतं. दगड गेला की वैशाखात त्यांच्या बांध्यांना भेगा पडणार होत्या, हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. तिची स्वतःची दोन एकर तिथेच होती. बायांनी विचारलं, मग आता काय करायचं? ती म्हणाली, ज्याने लिहिलं त्यालाच विचारायचं.

ज्याने लिहिलं तो गोंदियात भेटणार होता. फाल्गुनात तिथल्या एका कॉलेजात मध्ययुगीन इतिहासाचं चर्चासत्र होतं, दुर्गेश्वरीनेच सांगितलं. शकुंतलाबाई नवं लुगडं नेसून गेली. दारावरच्या मुलीने "माताजी, किसके साथ आये हो?" विचारलं, तर "अपने पाँव के साथ" असं सांगून आत जाऊन बसली. दोन तास ती ऐकत राहिली. पडद्यावर ताम्रपट येत होते, नाणी येत होती, देवळांचे नकाशे येत होते. एक जण म्हणाला, आता सगळी साधनं हाताच्या बोटावर आली आहेत, घरबसल्या संशोधन करता येतं. बाईला गंमत वाटली. घरबसल्या ज्यांचं चालतं त्यांचं बरं आहे बाप्पा, ती मनात म्हणाली.

मग इंद्रकुमार बिसेन बोलायला उठले. सत्तरी ओलांडलेले, ताठ, स्वच्छ पांढरा शर्ट. तिकडच्या अभ्यासात त्यांचं नाव मोठं. जांभुळटोल्याच्या लेखावर ज्याने ज्याने काही लिहिलं त्याने तळटीपेत बिसेनांचाच हवाला दिलेला. पडद्यावर तिचा दगड आला. तोच, काळा, सहा ओळी दाखवणारा. परक्या ठिकाणी घरचं माणूस अचानक दिसावं तसं तिला झालं.

भाषण संपल्यावर सूत्रसंचालक म्हणाला, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या.

"मले लिवता येत नाई बराबर, बोलता येते," शकुंतलाबाई उभी राहून म्हणाली. "सर, त्या गोट्यावर सात ओळी हायेत."

सभागृहात हसू पसरलं. बिसेनसर मात्र हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "बाई, ठसा मी स्वतः घेतला आहे. पौषात, चार तास थंडीत उभं राहून. सहा ओळी आहेत."

"पौषात नं? पौषात पानी वरच रायते. तुमच्या वेळी दुष्काळ असन, तरी लय तर सहावी दिसली असन. तिच्या खाली पाह्यलं का?"

"खाली गाळ होता."

"गाळातच हाय."

"तुम्ही पाहिली आहे ती ओळ?"

इथे खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. "डोऱ्यांनी नाई. पायानं. नऊ वर्षं झाली."

आता मात्र हसण्याचा फवाराच उडाला. पायाने लेख वाचणारी बाई! मागच्या रांगेतल्या एकाने तर टाळी दिली शेजाऱ्याला. शकुंतलाबाईच्या कानशिलांतून वाफ निघाली. अपमान झाला की काही माणसं खाली बसतात. ही आणखी पुढे गेली, मंचाच्या पायरीपर्यंत.

"हसा. खुशाल हसा. तुमी लिवलं, म्हनून माह्या गावचा गोटा उचलून नेऊन रायले. अकरा घराचं धान वाळन. तुमच्या लिवण्यानं वाळन, सर. म्हनून म्हनतो, वैशाखात या. गोटा नेणारी गाडी यायच्या आंधी या. सहा निघाल्या तर माह्या हातानं गोटा काढून द्यीन मी. आणि येतानी चांगले जोडे घालून येऊ नका."

बिसेनसरांनी चष्मा काढून पुसला. चाळीस वर्षांत त्यांच्या वाचनाला कोणी आव्हान दिलं नव्हतं, आणि दिलं ते असं. "येतो," ते म्हणाले.

आता खरी पंचाईत पुढे होती. सातवी ओळ उघडी करायची तर पाणी सहावीच्या खाली न्यायला हवं. आणि सहावीला तुडूम बंद, हा तर तिचाच कायदा. भैयाजींना हे बरोबर कळलं. वैशाखातल्या शनिवारी, गाडी सोमवारी येणार असताना, ते पाळीवर येऊन मिशीत हसत उभे राहिले. "सोडा की पाणी, शकुंतलाबाई. एक दिवसाची तर बात आहे. सोडा, माझ्याही धानाला मिळेल. कायदा काय, तोडायलाच असतो."

"तुमच्या घरी असन," ती म्हणाली.

तिने हाक मारली तशा शेवटच्या बांध्यांच्या नऊ बाया पाळीवरून खाली उतरल्या, डोक्यावर घमेली, हातात पाणी उपसायचे गंज, म्हणजे पातेली, आणि टोपली. उन्हाळ्यात नाल्याच्या डबक्यात मासोळ्या धरायच्या असल्या की झाडीपट्टीतल्या बाया काय करतात? डबक्याभोवती चिखलाचा बांध घालतात आणि आतलं पाणी उपसून टाकतात. तळाला तडफडत्या मासोळ्या, उचला आणि पदरात घाला. तेच त्यांनी दगडाभोवती केलं. गुडघाभर पाण्यात चिखलाचा अर्धा गोल घातला, दोन्ही टोकं पाळीला टेकवली, पायांनी तुडवून तुडवून पक्का केला, आणि उपसायला लागल्या. तलावाचं पाणी तलावातच, या बाजूचं त्या बाजूला. एक थेंब तुडुमातून गेला नाही.

बिसेनसर दुर्गेश्वरीबरोबर आले तेव्हा निम्मं पाणी उपसून झालं होतं. पायात खरंच रबरी सपाता होत्या. त्या त्यांनी पाळीवर काढून ठेवल्या, पँट दुमडली आणि दुर्गेश्वरीचा हात धरून खाली आले. गुडघा दुखत होता, तोंडावर दिसत होतं. एका बाईने त्यांच्याही हातात गंज दिला. ते क्षणभर पाहत राहिले आणि मग उपसायला लागले.

पाणी संपलं, गाळ आला. शकुंतलाबाईने हातांनी गाळ ओढला. सहाव्या ओळीचा पाया मोकळा झाला. तिच्याखाली चार बोटं कोरा दगड. नऊ वर्षं अंगठ्यावर विश्वास ठेवला होता. अंगठ्याने दगा दिला तर? पाळीवरून भैयाजींचा आवाज आला, "निकला क्या कुछ?" तिने आणखी गाळ ओढला, पदराने दगड पुसला.

आणि ती होतीच. अर्धी झिजलेली, पण खोल कोरलेली. सातवी.

नऊच्या नऊ बाया एकदम ओरडल्या. शकुंतलाबाई ओरडली नाही. ती बिसेनसरांच्या तोंडाकडे पाहत होती.

दुर्गेश्वरीने ठसा घेतला. ओला कागद दगडावर चढवला, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांच्या खोबणींत बसवला, वरून शाईचा गोळा फिरवला. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटली. म्हातारे सर खाली वाकले. पहिली चार अक्षरं गेलेली होती. मग त्यांचं बोट थांबलं, पुढे सरकलं, पुन्हा मागे आलं.

"काय हाय?" शकुंतलाबाईने विचारलं.

"तळेयाचिये पाळीं," ते म्हणाले. "तळ्याच्या पाळीवर. दानाचा हा दगड कुठे उभा केला ते लिहिलं आहे. दगड देवळाचा नाही. इथलाच आहे."

बायांनी पुन्हा गलका केला. पण बिसेनसर ठसा गुंडाळायला लागले होते. "मी शांतपणे अभ्यास करतो. पुढच्या अंकात दुरुस्तीचा लेख देतो. सहा महिन्यांत छापून येईल."

"सहा महिने?" शकुंतलाबाईने त्यांच्या हातातला कागद धरला. "गाडी परवा हाय, सर."

"बाई, अशी घाई करून चालत नाही. वाचन तपासावं लागतं, इतरांना दाखवावं लागतं..."

"सहाचं वाचन कोनाले दाखवलं होतं?"

भैयाजींनी वरून संधी साधली, "सर बरोबर म्हणतात! आणि एवढा किमती निघाला, मग तर नेलाच पाहिजे दगड!"

शकुंतलाबाईने तिकडे पाहिलंच नाही. ती त्या म्हाताऱ्या माणसासमोर चिखलात उभी राहिली, हात कमरेवर. "सर, चुकणं काई पाप नाई. मी बी चुकतो. एक साल तुडूम कच्चं बसलं, रातभरात पानी गेलं. सकारी उठून सगऱ्या गावासमोर सांगतलं, माही चूक. नाक नाई कापलं कोनी. तुमी मनातल्या मनात चुकले असते तर मनातल्या मनात सुधारा म्हनलं असतं. तुमी तर जगाच्या यादीत चुकले. मंग यादीतच सुधारा. आता. ओळ कोरडी हाय तवर."

बिसेनसरांचा चेहरा लाल झाला. एक क्षण वाटलं, सपाता घालून निघून जाणार. दुर्गेश्वरीने टॅब काढून हातात धरला, पण आपण होऊन सरांना देण्याची तिची छाती झाली नाही; तिच्या शोधप्रबंधाचे परीक्षक तेच होते. मग म्हाताऱ्याने दगडावर हात ठेवला, सातव्या ओळीवर.

"लिही," ते दुर्गेश्वरीला म्हणाले. "ओळी सात. माझं आधीचं वाचन अपुरं आणि निष्कर्ष चुकीचा. दगड मूळ जागी. हे माझ्या नावानेच घाल. आणि सातवी ओळ कोणी दाखवली, तेही घाल. शकुंतला लीलाधर कापगते, पाणकर."

पोरीची बोटं भराभर चालली. पाळीवर भैयाजींनी फोन कानाला लावला आणि बोलत बोलत निघून गेले. नियम केंद्राचाच होता. मूळ जागचा दगड त्यांना आता हलवता येणार नव्हता.

"एक रकाना राहिला," दुर्गेश्वरी म्हणाली. "दगडाची सध्याची स्थिती. यात सुरक्षित, भग्न, हरवलेला, एवढेच पर्याय आहेत. सुरक्षित टाकू?"

"शेजारी काही लिहायला जागा आहे का?" सरांनी विचारलं. होती. त्यांनी शकुंतलाबाईकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

शकुंतलाबाईने फावडं उचललं आणि चिखलाच्या बांधाला मधोमध घाव घातला. पाणी आत घुसलं, सातव्या ओळीवर चढलं, आणि सहावीच्या पायाशी येऊन थांबलं.

"लिव्ह," ती म्हणाली, "कामावर हाय."